खोड

क्लिफर्ड थॅकरे गेला, त्यानंतर पंधराएक दिवसांनी
डोरीनने माझ्या हातात बिस्किटांचा डबा ठेवला.
आत एकेचाळीस फ्लॉप्या, रबरबँड लावलेल्या,
प्रत्येकीवर त्याचं किरटं अक्षर:
भरती-अंतिम.
भरती-अंतिम-दोन.
भरती-हीच-खरी-अंतिम.
आणि त्या खऱ्या अंतिमानंतरच्या
आणखी सव्वीस.

"तुझं तू बघ," ती म्हणाली,
"मला नुसता पसारा दिसतो."

ब्रिडलिंग्टनच्या बंदरात पाणी किती वाजता चढेल,
एवढंच सांगतो त्याचा प्रोग्रॅम.
फुकट. कुणीही घ्यावा, उघडावा, बदलावा,
बदललेलं फक्त झाकून ठेवू नये.
शेवंडांचे पिंजरे टाकणारे तो वापरतात,
कुत्री फिरवायला वाळूवर जाणारे वापरतात,
आणि हलच्या इस्पितळातली रात्रपाळी संपवून
झोप न लागणारी मी
त्याच्या नटबोल्टांत बोटं घालत बसते.

दोन रविवार लागले.
फ्लॉप्या तारखेवार लावल्या,
एकेक करून इतिहासाच्या तळाशी सरकवल्या.
सात वाचता आल्या नाहीत, बुरशी होती.
तिथे रिकामी नोंद ठेवली:
इथे काहीतरी होतं.

आमच्या भाषेत, क्लिफर्ड,
झाडाचा बुंधा म्हणजे खोड.
लिहिलेल्यावर रेघ ओढली की ते खोडणं.
सुटता सुटत नाही ती सवय, तीही खोडच.
(खोडी काढणं आणखी वेगळं. तेही तुला येत होतं.)
हे तुला सांगायचं राहून गेलं.
सगळ्या जगाने नाव बदललं तरी
तू मुख्य फांदीला शेवटपर्यंत ट्रंकच म्हणालास.
ओळीच्या टोकाला उगीच एक मोकळी जागा सोडलीस,
चलांना मेलेल्या कुत्र्यांची नावं दिलीस,
आणि ओळ तीनशे बारावर लिहिलंस:
तात्पुरतं. सोमवारी नीट करतो.
मार्च शहाण्णव.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
तुझी मेल्यावरही हलेना.
त्या ओळीला विचारलं, तुला कुणी लिहिलं,
की ती तुझंच नाव सांगायची.

माझी पहिली नोंद आठवते?
उन्हाळी वेळेचा तास मी दोनदा मिळवला.
आठवडाभर सगळ्यांना उशिराचं पाणी सांगितलं,
एक बोट चिखलात बसली, तिचा मालक
फोनवर जे बोलला ते तू मला कधीच सांगितलं नाहीस.
मी म्हटलं, पुसून टाक, कुणाला दिसायला नको.
तू पुसलं नाहीस. वर एक उलटी नोंद चढवलीस, आणि खाली:
चूक राहू दे.
पुढच्याला खड्डा दिसला पाहिजे.

गेल्या महिन्यात व्हाल्पराइसोहून एका पोराचा पॅच आला.
तुझ्या एकोणीस ओळी काढून त्याने चार घातल्या होत्या.
बरोबर होत्या. सगळ्या चाचण्या पास.
मी अकरा दिवस लटकवून ठेवला.
म्हटलं, नाव बदल. म्हटलं, समास नीट कर.
त्याने निमूट केलं.
मग एका ओळीत विचारलं, नक्की अडलंय काय?

काही नाही, असं लिहिलं
आणि विलीन करून टाकला.
तीनशे बारा आता त्या पोराचं नाव सांगते.
तुझी ओळ तिच्याखाली आहे, खणलं तर सापडेल.
खिडकीबाहेर कचऱ्याची गाडी आली
तेव्हा लक्षात आलं, सोमवार होता.

काल संध्याकाळी डोरीनबरोबर धक्क्यावर उभी होते.
तक्त्यात पाच चाळीस.
पाणी चौथ्या पायरीला टेकलं ते पाच सत्तेचाळीसला.
"तो असता तर जेवण टाकून घरी पळाला असता," डोरीन म्हणाली.
माझ्याकडे कागद नव्हता,
तिने पर्समधून पेन काढून दिलं.
तळहातावर लिहून घेतलं:
सात मिनिटं. वारा ईशान्येचा.